जपानमध्ये 'शिबुया'चं स्पेलिंग का बदलतंय?

टोकियोतल्या शिबुया स्टेशनची इंग्रजी पाटी 'एसएचआय'ने सुरू होते. शाळेतली मुलं मात्र तोच उच्चार 'एसआय' असा लिहायला शिकत आली. हा घोळ १९५४ च्या सरकारी सूचनेचा. तिच्यात 'कुनरेई' पद्धत मुख्य ठरली. जपानी वर्णमालेत सा, शि, सु, से, सो ही एकच ओळ, म्हणून कुनरेईत पाचही ठिकाणी 'एस'. जपानी माणसाला हे सरळ वाटतं. परदेशी पाहुणा मात्र 'सिबुया' वाचतो, आणि आयची प्रांताचा चक्क 'आयटी' होतो!

पासपोर्ट आणि रस्त्यावरच्या पाट्यांनी म्हणूनच आधीपासून हेपबर्न पद्धत धरली. ती इंग्रजी उच्चाराला जवळची; नाव जेम्स हेपबर्न या अमेरिकी मिशनरी डॉक्टरांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सांस्कृतिक परिषदेने तीच मुख्य करण्याची शिफारस सरकारला केली. टोकियो, ज्युदो अशी रुळलेली स्पेलिंगं बदलायची सक्ती नाही.

याहून मोठा बदल जपानने १९४६ मध्ये पचवलाय. त्याआधी खुद्द जपानी लिपीत 'केफु' लिहून 'क्यो' (म्हणजे आज) वाचत. ते थांबलं, पण 'हा' लिहून 'वा' वाचायचं एक अव्यय अजूनही तसंच आहे.