फलकाने किल्ला राखला जात नाही

वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, एवढे म्हणून आपण निर्धास्त होतो. १९५८ च्या कायद्याने स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा ठरविला. २०१० च्या दुरुस्तीने शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड इतकी वाढविली. तरीही तटाच्या भेगांत पिंपळ फोफावतात आणि भिंतींवर नावे कोरली जातात.

कुणी म्हणतात, हा तर परकीयांचा वारसा. त्याची हळहळ कशाला? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, हे खरे. परंतु १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून, रक्त सांडून जिंकला तो हाच तट. तो ढासळला, तर त्या पराक्रमाचा साक्षीदार कुठून आणणार? आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झालेले, १८६२ मध्ये संतपदी पोहोचलेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र ना?

मात्र केवळ सरकारला बोल लावून आपली सुटका नाही. लग्नाच्या छायाचित्रांसाठी भग्न चर्चच्या भिंतींवर चढणारी जोडपी आपल्याही घरची असतात. त्यांच्या पायांखाली आपल्याच श्रद्धावंतांची थडगी असतात.

प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या तरुणांना किल्ल्याचा इतिहास शिकवावा, पडझड दिसताच खात्याकडे लेखी तक्रार करावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहणाऱ्या समाजाला एवढे जड जाऊ नये.