पोरं तयार आहेत म्हणजे झालं?

शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाने कॅथलिक चर्चच्या सामाजिक विचारांवर लिहावं, हे आमच्या घरच्यांनाही जरा चमत्कारिक वाटेल. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासक तर नाहीच नाही. पण मजुरी, कामाचे तास आणि ठेकेदारी हे माझे रोजचे विषय. आणि त्यांवर सव्वाशेहून जास्त वर्षं सलग विचार करत आलेल्या ज्या थोड्या परंपरा आहेत, त्यांतली ही एक.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ नावाचं पत्र काढलं. नावाचा साधा अर्थ, ‘नव्या गोष्टींविषयी’. आज जे या विचाराचं जुन्यात जुनं पान मानलं जातं, त्याचं नावच ‘नव्या गोष्टी’, याची मला गंमत वाटते. नव्या गोष्टी म्हणजे तेव्हाचे कारखाने आणि त्यात पिचलेला कामगार. पोप समाजवादाच्या विरोधात होते, खाजगी मालमत्तेच्या बाजूने होते. पण मजुरीबद्दल त्यांनी एक गोष्ट ठासून मांडली. कामगाराने गरजेपोटी, नाइलाजाने कमी मजुरी कबूल केली, तर तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. ती त्याच्यावरची जबरदस्तीच असते.

आता हे आमच्या शिरोलीत आणून बघा. ठेकेदार येतो आणि म्हणतो, “साहेब, पोरं या दराला तयार आहेत.” विषय संपला! फौंड्रीत भट्टीपुढे उभी असणारी ही पोरं बिहार, यूपी, ओडिशाकडची. गावाकडे कर्ज, बहिणीचं लग्न, नापिकी... तयार नसतील तर करतील काय?

पण गोष्ट इथेच थांबत नाही. मला काम देणारी मोठी कंपनीही नगामागे दर सांगताना हेच म्हणते, “परवडत असेल तर घ्या, नाहीतर दुसरे तयार आहेत.” मशीनचे हप्ते डोक्यावर असतात, मग मीही ‘तयार’ होतो. वरून आलेला नाइलाज आम्ही खाली सरकवतो, आणि त्याला बाजारभाव म्हणतो.

या परंपरेचं मला आवडलेलं वैशिष्ट्य म्हणजे ती नवं बोलताना जुनं फेकत नाही. ‘रेरुम नोवारुम’ला ४० वर्षं झाली तेव्हा, १९३१ साली, पायस अकरावे यांनी जोड दिली की लहान गटाला जे जमतं ते मोठ्याने हिसकावू नये. ९० वर्षं झाली तेव्हा, १९८१ साली, जॉन पॉल दुसरे यांनी मांडलं की भांडवलाच्या आधी श्रम. यंत्रसुद्धा शेवटी माणसाच्याच श्रमाचं साठलेलं फळ. २०१५ साली फ्रान्सिस यांनी पर्यावरण आणि गरिबी एकत्र जोडली. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं, तेही १८९१ ची आठवण ठेवून. कारण या वेळची ‘नवी गोष्ट’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. आमच्या भाषेत सांगायचं तर जॉब बदलतो, मशीन बदलतं, पण मोजायला गेज लागतंच. आणि गेजचंही कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करावं लागतं.

हे नूतनीकरण नेहमी रोममधूनच होतं असं मात्र नाही. रविवारची विश्रांती १८९१ च्या पत्रात आहे, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे त्याआधीच, १८९० साली मिळाली होती. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, ते २०१५ च्या पत्राच्या कितीतरी आधी. याच फादरांना २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. २०२४ साली ते गेले.

कोणी म्हणेल, चर्चने आधी स्वतःचं घर बघावं. बरोबर आहे. दलित ख्रिश्चनांना चर्चच्या आतही जातीचे चटके बसले. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं ते २०१६ साली, म्हणजे फारच उशिरा. पण म्हणून माप खोटं ठरत नाही. उलट त्याच मापाने चर्चलाही मोजता येतं.

माझं मत स्पष्ट आहे. “पोरं तयार आहेत का?” हा प्रश्न अपुरा आहे. “या पैशात त्याचं घर चालेल का?” हा खरा प्रश्न. एकट्या मालकाने दर वाढवला तर काम शेजारच्या शेडमध्ये जातं, हे मलाही कळतं. म्हणूनच त्या १८९१ च्या पत्रात संघटनांवर एवढा भर आहे. आम्ही छोटे जॉबवर्कवाले एकत्र बसून ठरवू शकतो की अमुक मजुरीच्या खाली माणूस लावायचा नाही, आणि ती मजुरी धरूनच कंपनीला कोटेशन द्यायचं. यात धर्मांतर नाही की क्रांती नाही. साधा हिशोब आहे.

आमच्या नात्यातले दोघे-तिघे कारखानदार हे वाचतातच. दादा, अण्णा, मजुरीचा हा आकडा तुम्ही किती धराल?