बारदेशचे मीठ : एक पत्र, एक तह आणि मधली दोनशे वर्षे

१/ शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर, रोज कोणी ना कोणी कोणाला तरी इतिहास सांगत असते. त्यात तलवारी असतात, मोहिमा असतात, कटकारस्थाने असतात. जकात मात्र क्वचितच असते. ज्या राज्याचा कारभार या वाड्यातून चालला, त्याच्या पुण्यातच जपलेल्या दफ्तरात जमाखर्चाच्या कागदांची मोठी रास आहे. ती वगळून सांगितलेला इतिहास अर्धाच राहतो. हा थ्रेड त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे, आणि त्याचा विषय आहे मीठ.

२/ शिवछत्रपतींचे मिठावरील पत्र आता बहुतेकांच्या परिचयाचे आहे. १६७१ च्या डिसेंबरात कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना ते लिहिले गेले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त मिळे. घाटावरचे उदमी तेच उचलत आणि स्वराज्यातील मिठागरांकडे फिरकत नसत. महाराजांची आज्ञा अशी, की बारदेशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवावी की ते संगमेश्वराकडील मिठापेक्षा महाग पडावे.

३/ दर शिवजयंतीला या पत्राचे छायाचित्र फिरते, त्याखाली अभिमानाचे शब्द लिहिले जातात आणि विषय तेथेच संपतो. अभिमान रास्तच आहे. पण त्या बारदेशच्या मिठाचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर याच पत्राचा अर्थ अधिक खोल करते. ते उत्तर १८७८ सालच्या एका तहात आहे.

४/ २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. १५ जानेवारी १८८० पासून तो १२ वर्षांसाठी अमलात आला. त्याने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची सीमा पुसली. दोन्हीकडे माल मोकळा फिरावा, बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्हीकडे सारखी जकात असावी, अशी ती व्यवस्था होती. आजच्या परिभाषेत हा ‘जकात संघ’ होय. एका बाजूला काही तालुक्यांएवढा गोवा आणि दुसऱ्या बाजूला अवघा ब्रिटिश हिंदुस्थान.

५/ या तहात मिठाचे कलम होते. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले. कारण उघड आहे. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता. गोव्याचे स्वस्त मीठ चोरवाटांनी घाट चढले, की त्या कराला गळती लागे. सीमा मोकळी करायची तर गोव्याचे मीठही त्याच कराच्या जुवाखाली आणणे इंग्रजांना भाग होते. आबकारीचीही तीच गत झाली. माडी काढणाऱ्यांवर आणि माडांच्या मालकांवर नव्या करांचा बोजा पडला.

६/ या साऱ्या हक्कांचा मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळायचे ठरले. हा आकडा लक्षात ठेवावा. वादाचा खरा मुद्दा याच आकड्यात आहे.

७/ या तहाविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिली म्हणते, तहाने गोव्याला आधुनिक युगात आणले. मार्मागोव्याचे बंदर आणि घाट चढून कॅसलरॉकला पोहोचणारी रेल्वे ही त्याचीच देणगी. दुसरी म्हणते, धूर्त इंग्रजांनी भोळ्या पोर्तुगीजांना फसवले. दोन्ही कथा सोप्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

८/ आधी रेल्वे. तहाला धरूनच मार्मागोव्याहून लोहमार्ग निघाला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो ब्रिटिश हिंदुस्थानातील मार्गांना जोडला गेला. हे काम ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीने केले. पण त्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची होती. म्हणजे नफा झाल्यास कंपनीचा आणि तोटा झाल्यास लिस्बनच्या तिजोरीचा. दख्खनचा कापूस मार्मागोव्याला येईल ही आशा होती. ती फारशी फळली नाही, कारण मुंबईची ओढ फार मोठी होती.

९/ येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तहाची १२ वर्षे संपली, रेल्वे मात्र राहिली. बंदरही राहिले आणि विसाव्या शतकात गोव्याच्या खनिज निर्यातीला ते उपयोगी पडले. म्हणून पहिली कथा निखालस खोटी नाही. परंतु ‘पुढे उपयोग झाला’ या वाक्याने ‘तेव्हा किंमत कोणी मोजली’ हा प्रश्न पुसला जात नाही.

१०/ ती किंमत मोजली मीठ पिकवणाऱ्याने. बारदेश, तिसवाडी आणि सासष्टी येथील अनेक मिठागरे बंद पडली. ज्या गावांच्या दाराशी मीठ तयार होई, तेथील लोकांना ते महाग घ्यावे लागले. माडांवर जगणाऱ्यांचे उत्पन्न आटले. मुंबईकडे जाणारी गोमंतकीयांची वाट जुनीच होती. या काळात तिच्यावरील गर्दी वाढली. धोबीतलाव परिसरातील गोमंतकीयांचे ‘कूड’ ही त्या स्थलांतराची खूण आहे. स्थलांतराला इतरही कारणे होती, पण तहाला त्यातून वगळता येणार नाही.

११/ आता दुसरी कथा : ‘फसवणूक’. पोर्तुगीज मुत्सद्दी भोळे नव्हते. गोव्याचा खजिना तंगीत होता आणि त्यांना बंदर व रेल्वे हवी होती. त्यांनी रोख उत्पन्न पाहिले आणि सही केली. ज्यांच्या वतीने सही झाली, त्या मिठागरवाल्याला आणि माडकऱ्याला मात्र कोणी विचारले नाही. याला फसवणूक म्हणणे म्हणजे सौदा करणाऱ्या दोघांपैकी एकाला निर्दोष ठरवणे होय. परका इंग्रज आणि परका पोर्तुगीज यांनी मिळून गोमंतकीयाच्या मिठाचा सौदा केला, हे अधिक खरे वर्णन आहे.

१२/ मग मोठ्या शेजाऱ्याशी मोकळा व्यापार हाच दोष होता काय? मुळीच नाही. लक्झेंबर्ग पाहावे. हा चिमुकला देश १८४२ मध्ये प्रशियाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जर्मन जकात संघात सामील झाला. तेथेही तो बलाढ्य शेजाऱ्यांपुढे दुबळाच होता. पण त्या संघात जमा झालेली जकात सभासद राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली जाई. व्यापार वाढला की लहान्याचा वाटाही वाढे. त्या बाजारपेठेच्या बळावर पुढे लक्झेंबर्गचा लोखंड उद्योग उभा राहिला.

१३/ गोव्याला मिळाली ठरावीक रक्कम : ४ लाख, व्यापार वाढो वा घटो. शिवाय दराचा लगाम गेला तो वेगळाच. १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानने बहुतेक आयात कर रद्द केले. लँकेशायरच्या गिरणीमालकांचा त्यासाठी कित्येक वर्षे आग्रह होता. समान जकातीच्या चौकटीत अडकलेल्या गोव्याला आपला निराळा दर राखण्याची मोकळीक उरली नव्हती. मँचेस्टरच्या सोयीचे धोरण पणजीलाही लागू झाले.

१४/ येथे १६७१ चे पत्र पुन्हा उघडावे. त्या पत्राचे मोल ‘जकात जबर बसवली’ एवढ्यात नाही. जबर जकात हे नेहमीच शहाणपण नसते. तिचा भार अखेर मीठ विकत घेणाऱ्या आपल्याच रयतेवरही पडतो. पत्राचे मोल यात आहे, की दर ठरवणारा हात स्वतःचा होता. आज वाढवलेली जकात उद्या परिस्थिती बदलल्यावर कमी करता आली असती. शेजारच्या मुलखातील भाव काय, उदमी कोणत्या वाटेने जातात, आपली बंदरे का ओस पडतील, याची खबर राजाला होती आणि निर्णयही त्याचाच होता.

१५/ दोनशे वर्षांनी त्याच बारदेशच्या मिठाचा दर ठरवण्याचा अधिकार बारदेशात नव्हता, पणजीतही नव्हता. जे मीठ एकेकाळी इतके स्वस्त होते की त्याच्याविरुद्ध जकातीची भिंत उभारावी लागली, ते एका सहीने नियंत्रणाखाली गेले. रणांगणावर एकही तोफ न डागता हे घडले.

१६/ १८९२ च्या जानेवारीत मुदत संपली. तहाचे नूतनीकरण झाले नाही. कुळे आणि कॅसलरॉक येथे जकातीची तपासणी पुन्हा आली. जकात पुन्हा बसवता आली. मोडलेला धंदा आणि मुंबईला गेलेली माणसे मात्र हुकमाने परत आणता आली नाहीत.

१७/ हा प्रश्न जुना झालेला नाही. १९८९ च्या मार्चमध्ये भारत आणि नेपाळ यांच्यातील व्यापार व वाहतुकीचे करार संपुष्टात आले, सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली आणि काठमांडूत इंधनाची टंचाई झाली. या वेळी मोठा शेजारी भारत होता, हे भारतीय वाचकाने विसरू नये. लहान्यांच्या बाजूने इतिहास वाचण्याची सवय केवळ आपण लहान असतानाच ठेवायची नसते.

१८/ म्हणून पुढच्या शिवजयंतीला मिठाच्या पत्राचे छायाचित्र अवश्य फिरवावे. सोबत १८७८ च्या तहाचाही उल्लेख करावा. आणि कोणताही व्यापारी करार समोर आला, मग तो जुना असो वा आजच्या वर्तमानपत्रातला, तर तीन प्रश्न विचारावेत. दर कोण ठरवणार? वाढत्या व्यापारात लहान्याचा वाटा वाढणार की रक्कम गोठलेली राहणार? आणि ज्याच्या मिठागरावर सौदा होतो आहे, त्याला कोणी विचारले काय?