दुधाचे दात, हालु हल्लु

आपल्या सीमाभागातल्या घरांत एका वाक्यात दोन भाषा सुखाने नांदतात. लहान मुलाच्या दातांना आई 'दुधाचे दात' म्हणते, अज्जी 'हालु हल्लु' म्हणते. हैदराबादेत शेजारीण 'पाल पळ्ळु' म्हणते. तिन्हींचा अर्थ एकच आणि गैरसमजही एकच. पडणारेच दात, त्यांची एवढी काय काळजी!

मध्यंतरी भाचीकडे हैदराबादला गेले होते. ती नोकरी करते, म्हणून माझी अक्का नातवाला सांभाळायला तिच्याकडेच असते. बिदरच्या बसमधून इम्लीबनला उतरले, तेव्हा पिशवीत नेहमीप्रमाणे पेढे होते. साडेतीन वर्षांचा नातू धावत आला, पेढा तोंडात घातला आणि गाल धरून रडू लागला. ओठ वर करून पाहिले, तर वरचे पुढचे चारही दात काळे पडून हिरडीपाशी झिजले होते. अक्का पटकन म्हणाली, "हिला ऑफिसातून वेळ असेल तर ना!" भाची काहीच बोलली नाही. तिचे डोळे मात्र भरून आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्याला घेऊन अफजलगंजच्या सरकारी दंत रुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात को बोतल में क्या देते?" उत्तर अक्कालाच द्यावे लागले. साखर घातलेले दूध. ती बाटली तोंडात असल्याशिवाय बाळ झोपतच नसे. अक्काचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई मात्र कुणालाच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त समजावून सांगितले, आणि तेच इथे सांगते आहे.

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, कानडीत 'हुळुक हल्लु' म्हणतात. दोन्ही भाषांनी दोष किड्यावर ढकलला आहे. प्रत्यक्षात किडा नसतोच. दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन टाकते, पण झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे बाटलीतले गोड दूध रात्रभर वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे दात जिभेखाली झाकले जातात, म्हणून ते बहुधा वाचतात. आमच्या नातवाचे नेमके तसेच झाले होते.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक लाडू चालेल, पण दर तासाला एक बिस्कीट नको.

आणि 'पडणारेच दात' हे म्हणणेही खरे नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. पक्क्या दातांसाठी त्याच जागा धरून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती तर पक्कीच असते. आधी कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात आणि ती किडू देतात. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे हे आमच्या एकट्या घरचे दुखणे नाही.

पेस्टचा विषय निघाला तेव्हा अक्का म्हणाली, "फ्लोराइडने नलगोंड्याकडे माणसं वाकली, आणि तेच बाळाच्या तोंडात घालू?" शंका रास्त होती. नलगोंडा तिथून शंभरेक किलोमीटरवर. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिढ्यान् पिढ्या हाडे आणि दात बिघडवले. तुरटी-चुन्याने ते पाणी शुद्ध करण्याची नागपूरच्या 'नीरी' संस्थेची पद्धत नलगोंड्याच्याच नावाने ओळखली जाते. पण प्रश्न मात्रेचा आहे. ते पाणी लोक वर्षानुवर्षे पोटभर प्यायले. पेस्ट लागते ती तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. तीही गिळायची नाही, थुंकायची. आपल्याकडे ज्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकी गोष्टी घरी जमण्यासारख्या आहेत. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करावा. सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, त्यातही रात्रीचा चुकवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाती ब्रश देऊन मोकळे होऊ नये, शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा. महिन्यातून एकदा बाळाचे डोके मांडीवर घेऊन वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते. तेव्हाच डॉक्टरांकडे गेले, तर दात सावरता येतो. काळा पडून खड्डा झाला, की तो आपोआप भरत नाही. आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.

परतताना रिक्षात कुणी बोलेना. अफजलगंजचा पूल ओलांडल्यावर अक्का लेकीला एवढेच म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं गं." भाचीने तिचा हात हातात घेतला. बाटलीतली साखर त्याच रात्री बंद झाली. मग अक्का दुधात रोज थोडे थोडे पाणी वाढवत गेली आणि दोन आठवड्यांत बाटलीत नुसते पाणी राहिले. चार रात्री पोराने घर डोक्यावर घेतले, पुढे बाटलीच विसरला. त्याच्या दातांवरचे उपचार अजून चालू आहेत.

आता हैदराबादला जाताना माझ्या पिशवीत पेढ्यांऐवजी पेरू असतात. पेढे नेणारी मीच होते ना!