मंडईला ज्यांचे नाव, त्यांचाच मंडईला विरोध! महात्मा फुले, पुणे नगरपालिका आणि हिशोब विचारण्याचा अधिकार

(१) पुण्याच्या मंडईविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ज्या वास्तूस महात्मा फुले यांचे नाव आहे, तिच्या उभारणीस खुद्द जोतीरावांनीच नगरपालिकेत विरोध केला होता. ऐकणारा ‘नियतीची थट्टा’ म्हणून हसतो आणि पुढे जातो. या हसण्यात इतिहासाचा विपर्यास आहे. जोतीरावांनी सभागृहात सार्वजनिक पैशाचा हिशोब मागितला होता. तोच अधिकार पुणेकरांच्या प्रतिनिधींकडे अलीकडे जवळजवळ चार वर्षे नव्हता.

(२) पुणे नगरपालिकेची स्थापना १८५७ सालची. जोतीराव तिचे सदस्य झाले १८७६ मध्ये. तेव्हा सदस्य सरकारनियुक्त असत. ब्रिटनमधील नगरांत १८३५ च्या कायद्यानुसार लेखापरीक्षकसुद्धा निवडणुकीने नेमले जात. त्याच ब्रिटनच्या राज्यात पुण्याचा करदाता मात्र कर भरून गप्प बसत होता. अशा सभागृहात सरकारची मर्जी राखणे हाच बहुतेकांचा धर्म होता.

(३) व्हॉइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव पुढे आला, तेव्हा हे स्पष्ट दिसले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बाकीचे नियुक्त सदस्य ठरावाच्या बाजूने गेले. विरोधात मत एकट्या जोतीरावांचे. ठराव मंजूर झाला. परंतु त्या खर्चास कोणाचा आणि का विरोध होता, हे इतिहासास ठाऊक राहिले.

(४) १८८० च्या जुलैमध्ये त्यांनी प्लंकेट या नगरपालिकेच्या अधिकाऱ्यास पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. एका हाताने लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करायचा आणि दुसरीकडे आरोग्य व संसार बुडवणारी दुकाने वाढू द्यायची, हा कारभार कसला? खर्चाचा आकडा पाहून न थांबता त्यातून साधले काय, हे विचारणे म्हणजेच कामगिरीची तपासणी.

(५) आता मंडईकडे येऊ. त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरे. विक्रेत्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. शुक्रवार पेठेत मोठी बंदिस्त मंडई बांधण्याची योजना म्हणूनच पुढे आली. योजना निरर्थक नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. जोतीराव आणि त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी मात्र तिच्या खर्चास विरोध केला. सामान्यांच्या मुलांना शाळा नसताना भव्य इमारतीस अग्रक्रम का, असा त्यांचा रोख होता.

(६) या विरोधामागे बांधकामाचे अज्ञान होते, असे कोणी म्हणू नये. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. येरवड्याच्या पुलासारख्या कामांशी त्यांचा संबंध होता. चुना, दगड आणि मजुरी यांचे हिशोब त्यांना पक्के माहीत होते. भाजीपाल्याचा व्यापारही त्यांनी केला होता. त्यामुळे त्यांना ‘विकासविरोधी’ ठरवणे हा निव्वळ आळशीपणा होय.

(७) १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था मांडली आहे. गाडीभर मालाची किंमत दलाल आणि नगरपालिकेची जकात यांच्या भरीस पडते आणि तो रिकाम्या हाताने घरी परततो. नगरपालिकेच्या तिजोरीतील पैसा कोणाच्या घामाचा, हे ज्याला दिसत होते, तोच तो कोणावर खर्च होतो हे विचारू शकत होता.

(८) मंडई उभी राहिली. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती खुली झाली आणि आजही पुणेकरांच्या उपयोगी पडते. मग जोतीराव चुकले काय? हा प्रश्नच चुकीचा आहे. इमारत उपयोगी ठरली म्हणून तिच्यावर शंका घेणे गैर ठरत नाही. तपासणी करणाऱ्याचे मत प्रत्येक वेळी बरोबर असावे, अशी अट नसते. त्याला बोलता आले पाहिजे आणि कारभाऱ्यांना उत्तर द्यावे लागले पाहिजे, एवढीच अट असते.

(९) पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सभेचे कामकाज छापून प्रसिद्ध करणे आणि सदस्यांनी प्रश्न विचारणे या प्रथांना त्यांनी रूप दिले. १९०२ मध्ये साम्राज्याच्या अर्थसंकल्पातील शिलकीचे वाभाडे काढणारा हा नेता नगरपालिकेतही तीच शिस्त आणत होता. एकट्याच्या धैर्यावर अवलंबून असलेली गोष्ट अशा रीतीने नियमात आली.

(१०) मंडईसमोर १९२४ साली लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी केशवराव जेधे यांनी फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला. नगरपालिकेने तो फेटाळला. तिसाव्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईस फुले यांचे नाव मिळाले. नाव मिळाले, हे योग्यच झाले. पण नावाबरोबर त्यांचा प्रश्न शहराने स्वीकारला काय?

(११) १९५० मध्ये पुणे महानगरपालिका झाली. १९४९ च्या कायद्याने चौकट स्पष्ट केली : आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने ते तपासावे, सर्वसाधारण सभेने मंजूर करावे. मुख्य लेखापरीक्षकाने आपला अहवाल स्थायी समितीला द्यावा. म्हणजे खर्च करणारा एक आणि तपासणारा दुसरा.

(१२) मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबली. आयुक्त हेच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच, स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभाही तेच. २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. हजार रुपयांच्या ठरावास १८८० च्या सुमारास निदान एक विरोधी मत पडले होते. या हजारो कोटींना विरोध करण्यास सभागृहात एक खुर्चीही भरलेली नव्हती.

(१३) ‘नगरसेवक नसले की कामे भराभर होतात’, असे या काळात अनेक सुशिक्षित पुणेकर म्हणत होते. नगरसेवकांवरील त्यांचा राग निराधार नाही. टक्केवारीच्या चर्चा कोणी ऐकलेल्या नाहीत? परंतु पहारेकरी झोपतो म्हणून पहाराच उठवणे, हा उपाय नव्हे. झोपलेल्या पहारेकऱ्यास पाच वर्षांनी घरी पाठवता येते. प्रशासकास पाठवता येत नाही.

(१४) जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणूक झाली. नव्या सभागृहाचे पहिले कर्तव्य उद्घाटनांचे नाही. प्रशासकीय काळातील मंजुऱ्या, वाढीव खर्च आणि लेखापरीक्षणातील आक्षेप यांवर उघड चर्चा घेणे हे आहे. तरुण अभ्यासकांनी आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीस विचारावे : या चार वर्षांतील एका तरी खर्चाबद्दल आपण सभागृहात प्रश्न विचारला काय? मंडईवरील नावाचा मान राखायचा असेल, तर सुरुवात याच प्रश्नाने करावी.