वांग, लिंबू आणि 'ती ट्यूब'

नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) उन्हात राबणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरच्या डागांचं कुणाला नवल वाटत नाही. कांदा काढणी, ऊसतोड, खुरपणी, सगळी कामं उन्हातली. चाळिशी-पन्नाशीला गालांवर वांग येतो, कपाळावर तपकिरी ठिपके दिसू लागतात. मग उपाय दोनच सांगितले जातात. लिंबू चोळ, नाहीतर मेडिकलमधून 'ती ट्यूब' आण. माझं म्हणणं स्पष्ट आहे: हे दोन्ही सल्ले बंद झाले पाहिजेत.

आधी लिंबू. श्रीगोंद्याची लिंबं नावाजलेली, पण ती सरबतात आणि लोणच्यातच शोभतात. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे अधिकच काळा डाग राहतो. "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की बिब्बासुद्धा नैसर्गिकच ना?

आता 'ती ट्यूब'. तिच्यात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचं मिश्रण असतं. औषध म्हणून ते वाईट नाही. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं औषध आहे ते. आपल्याकडे मात्र ते स्नो-पावडरसारखं वर्षानुवर्षं लावलं जातं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, शेजारीण नाव विचारून घेते. पुढे कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब! २०११ साली देशातल्या १२ केंद्रांवरची पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा झाला, पण काउंटरवर चिठ्ठी किती जणांना मागतात, हे तुम्हीच आठवून पाहा.

तिसरा प्रकार सगळ्यात भयंकर: लेबल नसलेली, पार्लरमधून मिळणारी 'गोरं करणारी' डबी. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुलींनी अशी क्रीम लावली आणि २०२२ मध्ये तिघींची मूत्रपिंडं बिघडली. क्रीममध्ये पारा सापडला. सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारा दहा लाखात एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही; त्या क्रीममध्ये तो हजारोंच्या घरात होता. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यापुरतंच राहत नाही, मंडळी.

कुणी म्हणेल, "सल्ले देणं सोपं आहे. तज्ज्ञाकडे जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते." अगदी खरं आहे. म्हणूनच पहिला उपाय डॉक्टरांशिवायचा सांगतो: ऊन अडवा. डोक्यावरून पदर, वर रुंद काठाची टोपी, आणि जमेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. ऊन अडवल्याशिवाय कुठलंही मलम टिकत नाही, लेसरसुद्धा नाही. उलट आपल्या सावळ्या कातडीवर चुकीचा लेसर नवे डाग देऊन जातो. नवीन काही लावायचं असेल तर आधी कानामागे थोडंसं लावून दोन-तीन दिवस पाहा. आणि एखादा डाग वाढत असेल, आकार-रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर मजुरी बुडाली तरी चालेल, पण दाखवाच. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे त्वचारोग विभाग आहेत.

२०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. नाव बदललं, पण लग्नाच्या बैठकीतला प्रश्न तोच आहे. उन्हात राबून घर चालवणाऱ्या बाईच्या गालावरचा वांग हा काही तिचा गुन्हा नव्हे. तो तिला खुपत असेल तर तिने जरूर उपचार घ्यावेत, तो तिचा हक्क आहे. पण दुसऱ्यांच्या डोळ्यांना खुपतो म्हणून तिने आपली मूत्रपिंडं का पणाला लावायची?

तेव्हा पुढच्या वेळी मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ट्यूब पुढे केली, तर ती परत सरकवा. आणि का, ते मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा.