शिक्षकांच्या खासगी नंबरावर अवलंबून असलेली शाळा

मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस


मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले, तेव्हा शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून शिकवणे चालू ठेवले. दुसरा इलाजच नव्हता. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. गृहपाठाची शंका ग्रुपवर येते आणि उत्तर ‘पर्सनल’वर जाते. मग स्टेटस पाहणे, स्टोरीला हार्ट, इन्स्टाग्रामवर फॉलो रिक्वेस्ट. बहुतेक शिक्षकांच्या मनात काहीही वावगे नसते, हे मी ठामपणे सांगते. पण ज्याच्या मनात असते त्यालाही हाच रस्ता मोकळा असतो, आणि सुरुवातीला दोघांचे मेसेज सारखेच दिसतात. मुलीला उत्तर टाळता येत नाही. तोंडी परीक्षेचे गुण त्याच सरांच्या हातात असतात.

लैंगिक हेतूने डिजिटल माध्यमातून मुलांशी वारंवार संपर्क साधणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. पण हेतू सिद्ध होईपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधी आडवा येणारा नियम शाळेकडे हवा.

मी सरसकट बंदी मागत नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने २०११ मध्ये असा कायदा केला. त्याची व्याप्ती इतकी मोठी होती की अंमलात येण्याआधीच न्यायालयाने तो रोखला. शिवाय एखादी मुलगी घरात बोलता येत नाही ते रात्री बाईंना लिहिते. कधी त्रास देणारा माणूस घरातलाच असतो. तो दरवाजा कृपा करून बंद करू नका. बाईंनी उत्तर द्यावेच, फक्त ती गोष्ट दोघींतच राहू नये. अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारकच आहे; बाकी अडचणी त्याच दिवशी शाळेच्या सखी सावित्री समितीपर्यंत पोचाव्यात.

एरवीचा संपर्क शाळेच्या नंबरावरूनच व्हावा. प्रत्येक ग्रुपवर दुसरे शिक्षक आणि एक पालक असावेत. शिक्षकाने विद्यार्थ्याला खासगी खात्यावरून फॉलो करू नये, विद्यार्थ्याची रिक्वेस्टही स्वीकारू नये. नियम लेखी असला की ‘सर, आम्हाला अ‍ॅड करा ना’ म्हणणाऱ्या मुलांना न दुखावता नकार देता येतो. खोट्या आरोपाची धास्ती बाळगणाऱ्या शिक्षकालाही आधार मिळतो.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी परिपत्रक निघावे, पहिल्या पालकसभेत ते वाचले जावे. आणि शाळेच्या सिमकार्डाचा खर्च पुन्हा शिक्षकांच्या खिशातून जाऊ नये.

आपली,
दहावीच्या वर्गाला शिकवणारी एक शिक्षिका